विसार म्हणजे कमाई नव्हे

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, मालवण तालुक्यात घरी पर्यटकांची राहण्याची सोय करणाऱ्या एका ताईंनी केलेलं मनोगत)



आपल्यातल्या बऱ्याच जणी आता घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. सोलकढी कशी करायची, अंथरूण-पांघरूण कसं ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण पाहुण्याचा फोन येतो, "ताई, आमचं येणं रद्द झालं, पैसे परत पाठवा," तेव्हा आपण गडबडतो. मी पण गडबडले होते. तेच आधी सांगते.

२०२० चा मार्च. मे महिन्याच्या सुट्टीसाठी माझ्याकडे तीन कुटुंबांचं बुकिंग होतं. विसार म्हणून एकाने ४,०००, दुसऱ्याने ५,००० आणि तिसऱ्याने ३,००० रुपये पाठवले होते. एकूण १२,०००. मला वाटलं, कमाई झाली! ९,००० च्या गाद्या आणल्या. हातात ३,००० उरले. आणि २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला.

तिघांचेही फोन आले. एक कुटुंब म्हणालं, "पैसे राहू देत, पुढे कधीतरी येऊ." बाकी दोघांना पैसे हवे होते. ८,००० द्यायचे आणि हातात ३,०००. सासूबाई म्हणाल्या, "गो, पैसे खर्च झाले, आता देऊचे खंयसून?" चार दिवस मी फोनच उचलला नाही. आज त्याची लाज वाटते. शेवटी गटाकडे ५,००० कर्ज मागितलं. एक-दोघी म्हणाल्या, पाहुण्याचे पैसे फेडायला गटाने कर्ज का द्यायचं? त्यांचं चुकलं नव्हतं. तरी गटाने दिलं, मी दोघांचे पैसे परत केले आणि पुढे व्याजासकट हप्ते फेडले. दोघांपैकी एक कुटुंब नंतर आलं, दुसरं काही आलं नाही. पैसे परत केले की पाहुणा येतोच असं नाही. पण मी त्या कुटुंबाला तोंड दाखवू शकते, एवढं खरं.

त्यातून मी एक गोष्ट शिकले. विसार ही आपली कमाई नव्हे. पाहुणा आला, राहिला, जेवला की मग ती कमाई. तोवर ती दुसऱ्याची ठेव. एअरबीएनबीसारखं मोठं अ‍ॅपसुद्धा घरमालकाला पैसे सोडतं ते पाहुणा दाखल झाल्यावर साधारण २४ तासांनी. मग आपण आधीच का खर्च करायचे? मी आता विसाराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवते आणि वहीत वेगळं पान करते : नाव, तारीख, किती आले, कुठल्या नंबरवरून आले.

दुसरी गोष्ट, नियम आधी सांगायचा. पैसे घेतल्यावर "आमच्याकडे परत मिळत नाहीत" म्हटलं की भांडण ठरलेलं. पाहुणा हा ग्राहक आहे, तो १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो. म्हणून पैसे घेण्याआधीच मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते :

– ७ दिवस किंवा त्याहून आधी कळवलं, तर पूर्ण विसार परत.
– ३ ते ६ दिवस आधी कळवलं, तर अर्धा परत.
– त्यानंतर कळवलं, तर परत नाही. मात्र त्याच तारखांना खोली दुसऱ्या कुणाला गेली, तर परत.
– आमच्या घरच्या अडचणीमुळे रद्द झालं, तर सगळे पैसे परत.
– वादळ किंवा सरकारी बंदीमुळे येता आलं नाही, तर तारीख बदला किंवा पूर्ण पैसे घ्या.

पाहुण्याचं "मान्य आहे" असं उत्तर आलं, की मगच विसार घ्यायचा. बाजार तुम्ही आदल्या दिवशी करता की चार दिवस आधी, त्याप्रमाणे आपापले दिवस ठरवा. आणि बुकिंग अ‍ॅपवरून असेल तर नियम अ‍ॅपचा चालतो. तिथे नोंदणी करताना आपणच तो निवडतो, तेव्हा मुलाने बोट लावलं म्हणून पुढे जाऊ नका, वाचून घ्या.

एक बारीक गोष्ट. समुद्र खवळला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद होतात, आणि पाहुणा आपल्याकडे पैसे मागतो. खोली आपली, बोट आपली नाही. पण पावसाळ्यात बोटी बंद असतात, हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं. ते लपवून बुकिंग घेतलं तर चूक आपली.

आता सावध राहायचं ते. एक जण फोन करतो, "ताई, चुकून ३,००० ऐवजी ३०,००० गेले, २७,००० परत करा." मेसेजही दाखवतो. तो मेसेज खोटा असू शकतो. आपल्या बँक खात्यात खरंच जमा झालेत का ते बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. पैसे परत करायचे ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. "रिफंडसाठी पिन टाका" म्हटलं की फोन ठेवा. फसलातच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

शेवटचं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला नियम एका कागदावर लिहून आणायचा. लिहिता येत नसेल तर शेजारणीकडून लिहून घ्या. आणि आज ज्यांच्याकडे पुढच्या महिन्याचा विसार आला आहे, त्यांनी घरी गेल्यावर बघा : तो आहे ना जागेवर?