अपघात नशिबाचा की रस्त्याचा?



अपघातात कुणी दगावले की ‘नशिबात होते’ म्हणून आपण गप्प बसतो, नाही तर चालकाला दोष देतो. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मरण असू नये, असे रस्ते बांधावेत, हे तत्त्व स्वीडनच्या संसदेने १९९७ साली स्वीकारले. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तेथे धोक्याच्या जागी लोखंडी संरक्षक कठडे बसविले, वेगावर देखरेख वाढविली. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. माणसे तीच राहिली. सुधारला तो रस्ता.

वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून शाळेपुढे गतिरोधक, पादचारी पट्टे व पदपथ हवेत. दुधनीच्या बाजारात तुरीच्या हंगामात मालाची वाहने येतात, त्याच रस्त्याने आपली मुलेही चालतात. मुले रस्ता कोठे ओलांडतात, त्या जागांचा नकाशा विद्यार्थ्यांनी तयार करावा. पालकांनी सह्या करून तो नगरपरिषदेकडे न्यावा. हे काम याच वर्षी हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.