ऑपेराचा खर्च कोणी सोसायचा?

(तरुण संगीतकर्मींच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘ऑपेरा कलावंतांचा व्यावसायिक विकास आणि परस्परसंपर्क’ हा विषय आपण माझ्याकडे सोपवलात, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी गायक नाही. हयातभर अर्थशास्त्र शिकवले. ऑपेरा ऐकला तो एक सामान्य श्रोता म्हणून. परंतु काही दिवसांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी अमेरिकेहून सुटीवर आली होती. ती सोप्रानो गायिका आहे. तिने आपली हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली आणि या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला त्या वहीने दिला.

वहीत जमेच्या बाजूला मोजक्या ओळी होत्या. खर्चाची बाजू मात्र भरगच्च होती: स्वरचाचणीच्या अर्जाचे शुल्क, साथीच्या पियानोवादकाचे मानधन, प्रवासभाडे, ध्वनिमुद्रण, इटालियन आणि जर्मन उच्चारांच्या शिकवण्या. शिवाय उन्हाळी प्रशिक्षणवर्गाची फी. या वर्गांत भूमिका गायला मिळते, पण अनेक ठिकाणी ती गाण्यासाठी गायकालाच पैसे मोजावे लागतात! शेवटच्या पानावर ‘भेटायच्या व्यक्ती’ अशी एक लांबलचक यादी होती. ती म्हणाली, “आजोबा, रियाजापेक्षा या पानालाच माझा जास्त वेळ जातो.”

मित्रहो, या शेवटच्या पानाला आज व्यावसायिक विकास असे भारदस्त नाव मिळाले आहे. त्यामागचे अर्थकारण आपण समजून घेतले पाहिजे.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावर एक महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे प्रतिपादन साधे आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तासाला होणारे उत्पादन वाढते, त्यामुळे वेतन वाढले तरी मालाची किंमत आवाक्यात राहते. रंगमंचावर असे घडत नाही. मोझार्टचा ‘फिगारोचा विवाह’ १७८६ साली व्हिएन्नात प्रथम झाला. त्याला तेव्हा जितके गायक आणि जितके तास लागत, जवळजवळ तितकेच आजही लागतात. मात्र त्या गायकाला भाडे आणि भाकरी आजच्या दराने विकत घ्यावी लागते. म्हणून ऑपेराचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नाच्या सतत पुढे धावतो. हा कोणाच्या उधळेपणाचा दोष नव्हे. तो या कलेच्या घडणीतच आहे.

तेव्हा खरा प्रश्न उरतो तो असा, की ही तूट कोणी भरून काढायची? समाजाने शासनामार्फत, धनिकांनी देणग्यांतून, की कलावंताने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन? माझ्या समोरच्या वहीत तिसरे उत्तर लिहिलेले होते.

२०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरागृह बंद झाले आणि २०२१ च्या सप्टेंबरात पुन्हा उघडले. मधल्या काळात तेथील कायम वृंदगायक आणि वादक महिनोन्महिने वेतनाविना राहिले. आरोग्यविमा तेवढा चालू होता. एकलगायकांची स्थिती याहून बिकट झाली. त्यांचे मानधन प्रयोगागणिक ठरते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर दैवी आपत्तीच्या कलमावर बोट ठेवून करार मोडता येतो. भूमिका पाठ करण्यात घालवलेल्या महिन्यांची किंमत शून्य! जगप्रसिद्ध गायकांच्या ओळखीपाळखी काय थोड्या होत्या? त्या दिवशी त्यांचा उपयोग झाला नाही.

याउलट जर्मनीकडे पाहा. तेथे सार्वजनिक पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे आहेत आणि अनेक गायक तेथे मासिक वेतनावर नोकरीत असतात. महामारीच्या काळात अशा नोकरदार कलावंतांना अल्पकालीन कामाच्या योजनेतून वेतनाचा मोठा भाग मिळत राहिला. पाहुणे म्हणून गाणारे मात्र तेथेही उघड्यावर पडले. म्हणजे एकाच देशात, एकाच रंगमंचावर, फरक पडला तो करारामुळे.

जर्मनी म्हणजे स्वर्ग, असे मात्र मी म्हणणार नाही. तेथील एकलगायकाचा करार बहुधा एका हंगामाचा असतो. सामान्यतः ऑक्टोबरअखेरपर्यंत नकाराचे पत्र आले, की हंगामाच्या शेवटी नोकरी संपते. त्यामुळे शरद ऋतू भीतीत जातो, आणि भ्यालेला माणूस संचालकापुढे तोंड उघडत नाही. रंगकर्मींची जुनी संघटना तेथे १८७१ पासून आहे. तरीही २०१५ साली काही तरुण नटनट्यांनी ‘आन्सांब्ल नेट्सवेर्क’ नावाने, म्हणजे ‘कलावंतसंचाचे जाळे’ या अर्थाने, एकत्र यायला सुरुवात केली. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी लिझा योप्ट या अभिनेत्री २०२१ साली त्या जुन्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी झालेल्या वाटाघाटींत रंगकर्मींचे किमान मासिक वेतन दोन हजार युरोंवरून वाढवून घेण्यात आले आणि २०२३ च्या आरंभी ते सत्तावीसशेच्या पुढे गेले. हा सामुदायिक करार एकलगायकांनाही लागू आहे.

येथे ‘जाळे’ या शब्दाचे दोन अर्थ स्पष्ट होतात. एक जाळे उभे असते: खाली गायक, वर दलाल, त्याच्या वर संचालक. त्यात खालच्याने वरच्याची मर्जी सांभाळायची. दुसरे आडवे असते: गायकाची गायकाशी, वृंदगायकाची वादकाशी ओळख. पहिल्यातून एखाद्याला भूमिका मिळते. दुसऱ्यातून सर्वांना करार मिळतो.

आपल्याला हे अगदीच अपरिचित नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, त्यानंतरच्या संगीत नाटक मंडळ्यांमध्ये मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडात राही, तिथेच जेवे आणि तिथेच तालीम घेई. शिक्षण नोकरीच्या आत होते. त्यासाठी त्याला फी भरावी लागत नसे. दोष होता तो असा, की सारे काही मालकाच्या मर्जीवर आणि तिजोरीवर अवलंबून असे. कर्ज वाढले आणि बोलपट आले, तेव्हा मंडळ्या मोडल्या आणि नट एकेकटे रस्त्यावर आले. त्यांच्या हाती सांगण्याजोगा हक्क नव्हता.

कोणी विचारील, संघटनेने आवाज सुधारतो काय? नाही सुधारत. सुरेल आणि बेसूर यांतला भेद कोणत्याही कराराने पुसला जाणार नाही, आणि पुसला जाऊही नये. शासनाने अनुदान काढून घेतले तर संघटनेचेही हात बांधले जातात. २०२२ साली इंग्लिश नॅशनल ऑपेराचे नियमित अनुदान थांबवण्याचा निर्णय झाला आणि त्याची झळ तेथील वृंदगायकांपर्यंत पोचली. म्हणून कलावंतांचा लढा नागरिकांच्या पाठिंब्याविना अपुरा आहे.

तरीही तीन मागण्या आजच करता येतील. स्वरचाचणीचे शुल्क गायकाकडून घेऊ नये. निवड हे संस्थेचे काम आहे, खर्चही तिचाच. तालमीच्या काळाचे मानधन प्रयोगापासून वेगळे धरावे, म्हणजे प्रयोग रद्द झाला तरी केलेल्या श्रमाचा मोबदला बुडणार नाही. आणि गायकांनी आपापल्या करारांतील अटी व रकमा एकमेकांना मोकळेपणाने सांगाव्यात. गुप्ततेचा फायदा नेहमी देणाऱ्यालाच होतो.

त्या मुलीला मी एवढेच सुचवले, की ‘भेटायच्या व्यक्ती’ या यादीत सोबत चाचणीला बसलेल्या गायिकांची नावेही लिही. ती हसली आणि म्हणाली, “त्या तर माझ्या प्रतिस्पर्धी आहेत.” मी म्हणालो, “बाळ, गिरणीच्या दारात कामासाठी उभे राहणारे मजूरही एकमेकांचे प्रतिस्पर्धीच होते. त्यांनी नावे लिहून घेतली, तेव्हा संघटना झाली.”