आपले गाव इथेच का?

मंडळी, आज आपण भूगोलाविषयी बोलू. भूगोल म्हटला की शाळेतला फिरता गोळा आठवतो. नद्या, डोंगर, समुद्र यांची नावे पाठ करायची, असे पुष्कळांना वाटते. तोही भूगोलच आहे. पण त्याची दुसरी एक बाजू आहे. माणसे कुठे राहतात, तिथेच का राहतात, काय पिकवतात, गाव सोडून का जातात, हे ती पाहते. तिला मानवी भूगोल म्हणतात. नाव जड आहे खरे. विषय मात्र आपल्या ओट्यावरचा आहे. सुरतेला गेलेल्या पोराची गोष्ट निघाली, विहिरीचे पाणी खाली गेले म्हणून कोणी हळहळले, की मानवी भूगोल सुरू झाला.

या विषयाचे काही शब्द आहेत. ते सरकारी कागदावर भेटतात, वर्तमानपत्रात भेटतात. आता आपल्याला अक्षरे लागतात. पण शब्दाचा अर्थ कळला नाही तर वाचूनही कागद मुकाच राहतो. म्हणून आज आम्ही ते शब्द एकेक करून उलगडणार आहोत.

सुरुवात इथूनच करू. भुसावळहून वरणगावकडे निघाले की दीपनगर लागते. उंच धुराडी लांबूनच दिसतात. इथे कोळसा जाळून वीज करतात. पाणी उकळायचे, त्याची वाफ करायची, वाफेच्या जोराने चाक फिरवायचे आणि त्या चाकाने वीज निर्माण करायची. कागदावर त्याला औष्णिक वीजकेंद्र म्हणतात. पहिला लहान संच १९६८ च्या सुमारास सुरू झाला. तो आता बंद झाला आहे. पुढे मोठे संच आले. आज पाचशे पाचशे मेगावॅटचे दोन संच इथे उभे आहेत.

आता प्रश्न असा, की हे केंद्र इथेच का? खानदेशच्या जमिनीत काळा दगड आहे, कोळसा नाही. मग कोळसा नसलेल्या जागी कोळशावर चालणारे केंद्र का बांधले?

याचे उत्तर दोन शब्दांत आहे: स्थळ आणि स्थिती. स्थळ म्हणजे प्रत्यक्ष ती जागा. जमीन सपाट आहे की उताराची, पाणी जवळ आहे की लांब, पुराचे भय आहे की नाही. इथे जमीन सपाट आहे. तापी जवळ आहे, हतनूरचे धरण जवळ आहे. वाफेला आणि यंत्रे गार ठेवायला पाणी फार लागते. स्थिती म्हणजे ती जागा बाकीच्या जगाशी कशी जोडलेली आहे. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. एक मार्ग नागपूरकडे जातो, दुसरा खंडवा-इटारसीकडे जातो. पूर्वेकडच्या खाणींतला कोळसा गाडीत बसून दाराशी येतो. हमरस्ताही जवळच आहे. स्थळ चांगले आणि स्थितीही चांगली, म्हणून केंद्र इथे झाले. केंद्र झाले म्हणून वसाहत झाली. वसाहत झाली म्हणून दुकान, शाळा, दवाखाना, चहाची टपरी. दीप म्हणजे दिवा. दिव्याच्या नावाचे गाव दिव्यासाठीच वसले, असे फार थोड्या गावांचे होते.

आपली जुनी गावेही अशीच विचार करून वसली आहेत. वाडवडिलांनी भूगोलाचे पुस्तक वाचले नव्हते. पण पांढरी कोणती आणि काळी कोणती हे त्यांना ठाऊक होते. पांढरीवर घरे बांधायची, काळीत पेरायचे. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात फाटते. तिच्यावर भिंत टिकत नाही, पण कापूस झकास येतो. जमीन कोणत्या कामाला लावली, याला आज भूमी उपयोजन म्हणतात. शेत मोडून प्लॉट पाडले तर भूमी उपयोजन बदलले. वीजकेंद्राची राख साठवायला जमीन घेतली तरी ते बदललेच. आपल्या देशातल्या कोळशात राख फार असते. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. काही राख विटांना आणि सिमेंटला जाते. बाकीची कुठे ठेवायची, वारा कोणत्या दिशेचा, त्या बाजूला कोणाची शेते आहेत, हे प्रश्नही भूगोलाचेच. शेजारच्या गावांनी ते ग्रामसभेत जरूर विचारावेत.

स्थळ सहसा बदलत नाही. स्थिती मात्र बदलते, आणि तिच्याबरोबर गावाचे नशीब बदलते. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. तापीकाठचे बऱ्हाणपूर पाहा. एके काळी ती खानदेशाची राजधानी होती. फारुकी सुलतान तिथे राहत. १६०१ साली जवळचा असीरगड अकबराने घेतला. त्यानंतरही उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजा आणि व्यापारी बऱ्हाणपुरावरूनच जात. त्या काळी भुसावळला कोण ओळखत होते? लहानसे खेडे ते. मग १८६० नंतर मुंबईकडून लोहमार्ग आला. पुढे तो नागपूरला गेला. १८७० साली जबलपूरच्या वाटेने मुंबई आणि कोलकाता जोडली गेली. दोन मार्ग जिथे फुटतात तिथे भुसावळ होते. खेड्याचे शहर झाले. नदी तीच, ऊन तेच, माती तीच. बदलली ती वाट.

मग निसर्गच सर्व ठरवतो काय? काही विद्वान पूर्वी तसे म्हणत. आम्हाला ते पटत नाही. केळीकडे पाहा. केळ हे ओलाव्याचे पीक. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि उन्हाळा असा की मे महिन्यात पक्षीही सावली सोडत नाही. तरी रावेर-यावलची केळी दिल्लीच्या बाजारात जाते. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीची केळी ही अमुकच, अशी सरकारी नोंद झाली. तापीच्या गाळाची जमीन निसर्गाने दिली. विहीर, विजेचा पंप आणि सावद्याहून, रावेरहून उत्तरेला जाणारी रेल्वे माणसाने दिली. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जेवढे पाणी मुरते त्याहून जास्त उपसले, म्हणून विहिरी खोल गेल्या. मग बोअर आले, तेही खोल गेले. निसर्ग वाट देतो, पण उधारी विसरत नाही.

धुळ्याकडे पांझरेच्या काठी जुनी फड पद्धत होती, अजून काही ठिकाणी आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाटकरी पाणी वाटणार, जागल्या राखण करणार, त्यांची मजुरी सर्वांनी मिळून द्यायची. पाण्याचा वाटा आधी ठरला, पीक मागून ठरले. केळीच्या पट्ट्यात मात्र ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी, असे झाले आहे.

आता घरांची मांडणी. तापीच्या मैदानात घराला घर लागून असते. तिला केंद्रित वस्ती म्हणतात. सातपुड्यात पावरा बांधवांचे घर त्यांच्याच शेतात असते, शेजारी हाकेच्या अंतरावर. ती विखुरलेली वस्ती. हमरस्त्याच्या कडेने लांबच लांब घरे पसरली, तर ती रेषाकृती वस्ती. यात एक चांगली आणि दुसरी वाईट असे नाही. पण विखुरलेल्या वस्तीला नळ, वीज, शाळा पोचवायला खर्च जास्त येतो. म्हणून ते मागे पडतात, आणि लोक म्हणतात की त्यांनाच सुधारणा नको. हे बोलणे बरोबर नव्हे.

एक शब्द आकड्याचा आहे: घनता. एका चौरस किलोमीटरात सरासरी किती माणसे राहतात, ती घनता. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ४२ लाखांवर लोक होते आणि घनता ३६० होती. गडचिरोलीत ती ७४ होती. मुंबईच्या उपनगरात जवळजवळ २१ हजार! पण सरासरी फसवी असते बरे. रावेरच्या केळीपट्ट्यात दाटी आणि वर सातपुड्याच्या जंगलात शुकशुकाट, दोन्ही मिळून ती ३६० होते.

त्याच गणनेतला दुसरा आकडा सांगताना जीभ अडखळते. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती? जळगाव जिल्ह्यात साडेआठशेपेक्षाही कमी. यात माती, पाऊस, नदी यांचा काही दोष नाही. हा आकडा माणसांनी केलेला आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द, स्थलांतर. राहते ठिकाण सोडून दुसरीकडे राहायला जाणे म्हणजे स्थलांतर. देशात स्थलांतर केलेल्यांत सर्वांत जास्त बायका आहेत आणि कारण लग्न. आपल्या आयाबहिणी त्याला सासरी जाणे म्हणतात, पण मोजणीत ते स्थलांतरच. दीपनगरची वसाहत तर स्थलांतरानेच भरली. कोणी विदर्भातून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी शेजारच्या खेड्यातून सायकलवर येता येता इथलेच झाले.

माणूस दोन प्रकारच्या कारणांनी गाव सोडतो. ढकलणारी कारणे आणि ओढणारी कारणे. जमीन थोडी, पाऊस गेला, कर्ज झाले, काम नाही, ही ढकलणारी. तिकडे मजुरी आहे, नातेवाईक आहे, शाळा आहे, ही ओढणारी. उधना-जळगाव लोहमार्गाने किती खानदेशी सुरतेला गेले! तिथल्या उधना, लिंबायत भागांत आज अहिराणी ऐकू येते. ते बहुतेक कायमचे स्थलांतर.

दुसरे हंगामी. दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारच्या डोंगरपट्टीतली माणसे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसाची गणती हत्याराने होते, हे ऐकायलाही बरे वाटत नाही. पाचट्याच्या खोपीत चार-पाच महिने काढायचे. बरोबर पोरे. त्यांची शाळा इथे बुडते, तिथे लागत नाही. रेशनची अडचण मात्र थोडी सुटली आहे. २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात अशी सोय झाली, की कार्ड आधारला जोडलेले असेल तर तिकडच्या दुकानातही आपले धान्य मिळते. जाण्याआधी आपले कार्ड जोडले आहे ना, हे इथल्या दुकानदाराकडून पाहून घ्यावे.

उरला शब्द प्रदेश. काही बाबतीत सारखा असलेला मुलूख म्हणजे प्रदेश. तो नदीने ठरतो, भाषेने ठरतो, सरकारी हद्दीनेही ठरतो. या तिन्ही रेषा एकमेकींवर क्वचितच बसतात. तापीचे खोरे मध्य प्रदेशापासून गुजरातपर्यंत जाते. भाषा पाहिली तर पश्चिमेला अहिराणी, इकडे भुसावळ-यावलला लेवा बोली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच बोलीत ओव्या गात. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मुलाने ती गाणी उतरून घेतली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. आणि सरकारी हद्द? ती तर वरचेवर हलते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

हे सर्व शब्द एका कागदावर एकत्र येतात. तो कागद जनगणनेचा. २०२१ ची गणना झाली नाही. पुढची २०२७ सालची ठरली आहे, आणि १ मार्च २०२७ हा तिचा हिशेबाचा दिवस आहे. मागच्या वेळी माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली होती. त्या मुदतीत माणूस जिथे राहत असेल तिथे त्याला मोजतात. आता पाहा, फेब्रुवारी म्हणजे ऐन ऊसतोडीचे दिवस. घराला कुलूप, गावात म्हातारी एकटी. तिकडे शेताच्या कडेच्या खोपीपर्यंत मोजणारा पोचला तर ठीक. नाहीतर ते घर दोन्हीकडून सुटले. मग गावात माणसे कमी दिसतात आणि पाणी, धान्य, शाळेच्या योजना त्या आकड्यावर आखल्या जातात.

म्हणून तोडीला जाणाऱ्यांनी तिकडे असताना मोजणारा आला नाही, तर मुकादमाला किंवा तिथल्या पंचायतीला विचारावे. गावी राहिलेल्या म्हातारीनेही सांगावे, की घरची माणसे कुठे आणि कधीपासून गेली आहेत. जन्म कुठे झाला, आधी कुठे राहत होता, का आलात, किती वर्षे झाली, हे प्रश्न मागच्या गणनेत होते. जन्माचा जिल्हा आजच्या हद्दीप्रमाणे सांगायचा असतो. अक्कलकुव्याचा माणूस १९८० साली जन्मला तेव्हा जिल्हा धुळे होता. आज त्याने नंदुरबार असे सांगावे.