शेपटातली चरबी

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी नांदेड-लातूरकडं पुड्या कुठं मिळतात, हे शाळकरी पोरंही सांगतील!

तंबाखूमुळं होणाऱ्या गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राच्या आणि बंगालमधल्या कल्याणीच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. बिघडलेल्या जनुकांत एचरास होतं. त्याचं प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम देतं. बिघडलं की हुकूम थांबतच नाही. पण त्यासाठी प्रथिनाच्या शेपटाला फार्नेसिल ही १५ कार्बनांची स्निग्ध साखळी जोडावी लागते. तिच्याच आधारानं ते पेशीच्या आवरणाला चिकटतं. चिकटलं नाही, तर निकामी.

मग जोडणीच रोखली तर? एचरासच्या केरास या भावंडापुढं अशी जोडणी रोखणारी औषधं फसली, कारण ते २० कार्बनांची दुसरी साखळी उचलतं. एचरासला ही पळवाट नाही. म्हणून एचरास बिघडलेल्या, डोके-मानेच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत टिपिफार्निब या अशाच औषधानं गाठी आक्रसल्या. अर्थात असे रुग्ण थोडेच.

तेव्हा तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तोंड नीट उघडेना, तर लगेच डॉक्टर गाठा.