आजीचे पांढरे लुगडे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. शिक्षण नववीपर्यंत. पुढे जे काय वाचले ते सूतगिरणीतली रात्रपाळी करून घरी आल्यावर. म्हणून मोठा विषय न घेता घरातली एक वस्तू आणली आहे. हे पांढरे लुगडे आमच्या आजीचे.

आजी इथल्या मिलमध्ये झाडूकामाला होती. त्या काळी जात गिरणीच्या दारातही सुटत नव्हती. मुंबईत धोट्यातला तुटलेला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणाई खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. आम्हाला हे पुस्तकातून कळले, आजीला अंगावरून.

१९५६ ला निरोप आला की नागपूरला दीक्षा आहे, पांढरी वस्त्रे घालून या. शेजारणी म्हणाल्या, सवाशिणीनं पांढरं नेसू नये. आजीने पायातल्या तोरड्या मोडल्या, त्यातून हे लुगडे घेतले आणि गाडीखर्च केला. १४ ऑक्टोबरला चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली. मग बाबासाहेबांनी स्वतः लाखोंच्या समुदायाला दीक्षा देऊन २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. आजी फार मागे बसलेली. ती म्हणायची, “बाबा दिसले न्हाईत, पन आवाज अजून कानात हाय.”

परत आल्यावर तिने देव्हाऱ्यातले टाक काढले. त्याच आठवड्यात तिच्या मुलाला ताप भरला. गल्ली म्हणू लागली, देवीचा कोप झाला. आजोबाही कचरले. आजी म्हणाली, “देवी रागावली आसंल तर तिनं माज्याकडं यावं. पोरानं काय केलंय?” आणि पोराला खांद्यावर टाकून तिने सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठले. तो मुलगा म्हणजे आमचे वडील.

दोन महिन्यांतच ६ डिसेंबर उजाडला. हेच लुगडे नेसून आजी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली. ७ तारखेला दादरच्या गर्दीत पदर फाटला. घरी येऊन तिने तो काळ्या दोऱ्याने शिवला. हा बघा टाका. पांढरा दोरा घरात होता, पण तिने मुद्दाम काळा घेतला. त्यानंतर हे लुगडे ती नेसली नाही.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मान खाली जाते. मागच्या पावसाळ्यात आमच्या नातवाला ताप चढला. घरात कोणी म्हणाले, आजीचे लुगडे उशाला ठेवा, उतार पडेल. आम्ही ठेवले. उदबत्तीसुद्धा लावली. प्रतिज्ञा पाठ असलेला, लोकांना अंधश्रद्धेवर भाषणे देणारा हा कार्यकर्ता दोन दिवस लुगड्यापुढे हात जोडून बसला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डेंग्यू आहे, उशीर केलात. पोरगं वाचलं. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर आम्हाला आजी आठवली. जिने पोरासाठी देव सोडला, तिलाच आम्ही देव करून ठेवले होते.

बांधवांनो, श्राद्ध करणार नाही, ही आपली प्रतिज्ञा आहे. मग आपल्या माणसांची आठवण ठेवायची कशी? आम्हाला वाटते, त्यांनी केले ते करून. ताप आला की दवाखाना, पोरगी मोठी झाली की शाळा सोडवायची नाही, पुढचे शिक्षण द्यायचे.

हे लुगडे आज आम्ही विहाराच्या स्वाधीन करतो. ते पुस्तकांच्या कपाटात ठेवावे. त्याला हार घालू नये, उदबत्ती लावू नये. लहान मुलांच्या हातात द्यावे, काळा टाका दाखवावा आणि ही गोष्ट सांगावी. आमची चूकही सांगावी, वगळू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!