घरचा संग्रह आणि रेडची निवड

ज्या घरांत पूर्वीं छायाचित्रांचा एखादा आल्बम आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांची एक पेटी असे, त्याच घरांत आतां चित्रपट, मैफली, लग्नामुंजींचीं चलच्चित्रें आणि हजारों छायाचित्रें संगणकाच्या हार्ड डिस्कांवर सांठविलेलीं असतात. चित्रपट गेला तर पुन्हां मिळेल. पण आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या कोणीं हौसेनें मुद्रित करून ठेवल्या असल्या व आजी आतां हयात नसली, तर त्या कोणत्या बाजारांत मिळावयाच्या? हार्ड डिस्क ही फिरणाऱ्या भागांची वस्तु. ती आज ना उद्यां बंद पडणार, हें धरूनच चालावें लागतें.

त्यावर जी योजना प्रचारांत आहे तिचें नांव रेड. अमेरिकेंतील बर्कले येथें कॅलिफोर्निया विद्यापीठांत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं १९८८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या, महागड्या डिस्केऐवजीं अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्या, आणि त्यांतील एखादी बिघडली तरी काम अडूं नये अशी तजवीज करावी, हा त्याचा आशय. ही तजवीज घरखर्चाच्या वहीवरून चांगली समजते. तीन रकमा व खालीं त्यांची बेरीज लिहिली आहे. एका रकमेवर शाई सांडली तर बेरजेंतून उरलेल्या दोन वजा करून ती काढतां येते. रेड ५ या प्रकारांत चार डिस्का असल्या तर तिघींपुरता मजकूर व चौथीपुरती ही बेरीज असा हिशेब असतो. मात्र बेरीज एकीवरच न ठेवतां चारींवर आळीपाळीनें पसरतात. ४ टेराबाइटच्या ४ डिस्कांतून अशा रीतीनें १२ टेराबाइट जागा वापरावयास मिळते. रेड १ त्याहून सोपी: दोन डिस्का, दोन्हींवर तोच मजकूर.

आतां हें काम करावयाचें कोणीं, येथें दोन पंथ निघतात. हार्डवेअर रेडमध्यें त्यासाठीं स्वतंत्र कार्ड बसवितात. त्याला स्वतःचा प्रोसेसर व स्वतःची स्मृति असते. सर्व डिस्का तें आपल्या ताब्यांत घेतें आणि संगणकाला एकच मोठी डिस्क असल्याचें भासवितें. सॉफ्टवेअर रेडमध्यें तें काम संगणकाचा मुख्य प्रोसेसरच करतो. लिनक्समध्यें त्यासाठीं एमडी ही व्यवस्था व ती चालविणारें एमडीएडीएम हें साधन आहे. प्रोसेसर मंद होते त्या काळीं कार्डाचा पक्ष बळकट होता. आजच्या साध्या घरगुती संगणकालाहि ही बेरीज जड जात नाहीं. शिवाय घरांत एवढी घाई कोणाला असते? ४के ब्ल्यू-रे तबकडीवरील चित्रपट पाहतांनाहि सेकंदाला सुमारें १६ मेगाबाइट मजकूर पुरतो, आणि एकटी डिस्क त्याच्या कितीतरी पट देते. वेगासाठीं कार्ड घेणें म्हणजे मंडईंतून भाजी आणावयास मालमोटार ठेवण्यासारखें आहे.

खरा भेद कळतो तो कार्ड बिघडल्यावर. कोणता तुकडा कोणत्या डिस्केवर व कोणत्या क्रमानें ठेवला, याची नोंद कार्ड आपल्या कारखान्याच्या पद्धतीनें करतें. तें जळालें तर बहुधा त्याच घराण्यांतलें दुसरें कार्ड शोधावें लागतें, आणि आठ-दहा वर्षांनीं तो नमुना विक्रीस नसतो असें पुष्कळदां होतें. चारी डिस्का धडधाकट, मजकूर जागच्या जागीं, आणि तरी ओव्या ऐकतां येत नाहींत! लिनक्सची नोंद डिस्कांवरच असते व तिची रीत सर्वांस खुली आहे. संगणक निकामी झाला तर डिस्का दुसऱ्या संगणकाला जोडाव्या, तारांचा क्रम बदलला तरी बिघडत नाहीं. लिनक्स त्या ओळखून संच पुन्हां जुळवितें.

कार्डाच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिहितांना मध्येंच वीज गेली तर रक्कम नवी व बेरीज जुनी, असा घोटाळा होऊं शकतो. चांगल्या कार्डावर बॅटरी असते व अर्धवट राहिलेलें लेखन तें वीज आल्यावर पुरें करतें. पण ती बॅटरीहि म्हातारी होते. घरीं एक यूपीएस ठेवणें बरें. तें संगणकालाहि उपयोगीं पडतें. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें २००५ सालीं खुल्या केलेल्या झेडएफएस या पद्धतींत जुन्या मजकुरावर नवा लिहीतच नाहींत, म्हणून हा घोटाळा टळतो. प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण ती वेगळी ठेवते, त्यामुळें दोन प्रतींपैकीं नासलेली कोणती हेंहि तिला ओळखतां येतें. मदरबोर्डाबरोबर फुकट मिळणारी रेड मात्र टाळावी. राबतो मुख्य प्रोसेसरच, आणि बंधन पुन्हां त्या मदरबोर्डाचें.

तेव्हां घरापुरतें पाहतां कार्डाचे पैसे वांचवून त्यांतून आणखी एक डिस्क घ्यावी हें शहाणपणाचें. कारण रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. मुलानें चुकून फाइल पुसली तर ती सर्व डिस्कांवरून त्याच क्षणीं पुसली जाते. चोर संगणक नेतो तेव्हां चारी डिस्का नेतो. ती जादा डिस्क भरून पुण्याच्या घरांतून नाशिकच्या लेकीकडे ठेवावी व दिवाळीला बदलून आणावी. शिवाय ४ टेराबाइटची नवी डिस्क भरावयास सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगानेंहि सात तासांवर वेळ लागतो. रेड ५ मध्यें तेवढ्यांत दुसरी डिस्क गेली तर सर्वच गेलें. थोडा संग्रह असेल त्यानें दोन डिस्कांच्या रेड १ वरच समाधान मानावें.

पुष्कळ घरांत एक डिस्क केव्हांच बंद पडलेली असते व कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं, कारण चित्रपट चालूच असतात. एमडीएडीएम अशा वेळीं ई-मेल पाठवूं शकतें. ती सोय पहिल्याच दिवशीं करून घ्यावी. आणि प्रत्येक डिस्केचा क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून तिला बाहेरून चिकटवावा, म्हणजे बिघडलेली काढावयास गेलेला माणूस चांगलीच उपटून बाहेर काढणार नाहीं.