मंडळाचे वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते?

(ठाकूरद्वार, मुंबई येथे कोकणातील गावकरी मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखवण्यासाठी.)



दिवाळी आटोपल्यावर आज आपण भेटतो आहोत. तुमच्यापैकी बहुतेकांच्या पिशवीत पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिकेचा मजकूर असेल. वर ग्रामदेवतेचा फोटो, खाली जाहिराती आणि मध्ये कार्यक्रम. जानेवारीत सत्यनारायण आणि हळदीकुंकू, फेब्रुवारीत क्रिकेटचे सामने, मेमध्ये गावची पूजा, जूनमध्ये वह्यावाटप, मग गणपती, मग कोजागिरी. गेल्या वर्षीचा कागद काढायचा, तारखा बदलायच्या, छापायला द्यायचा. झाले नियोजन!

मी शेतकी पदवीधर. काही वर्षे शेतकऱ्यांना बियाणे आणि खते सांगत फिरलो, मग संघटनेच्या कामात पडलो. तेव्हा हे बोलताना मी माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात मी भाताच्या बीजप्रक्रियेचे शिबिर ठेवले होते. मुंबईच्या मंडळाने मांडव दिला, चहा दिला, फलक छापला. तारीख ठरवली २० जून, कारण त्या दिवशी पाहुणे मोकळे होते. शिबिराला माणसे आली नऊ. त्यातली चार मंडळाची. बाकीच्या गावाने धूळवाफेवर पेरणी करून तीन आठवडे होत आले होते. रोपे वीतभर झालेली आणि मी व्यासपीठावरून सांगतो आहे की बी मिठाच्या पाण्यात कसे बुडवावे! मागे बसलेल्या एक काकी उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पोर चालाय लागल्यावर बारशाची पत्रिका छापताव होय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. सांगितलेली माहिती खरी होती, पैसा खर्च झाला होता, माणसांनी मेहनत केली होती. फक्त दिवस चुकला होता आणि त्यामुळे सगळेच फुकट गेले. शेतीत आणि संघटनेत वेळ चुकली की शहाणपणाला किंमत उरत नाही.

मग वेळ धरायची कशी? ज्या ठिकाणी आपण बसलो आहोत, तिथे हे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर केशवजी नाईक चाळ आहे. तिथला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली सुरू झाला. १३० वर्षांहून अधिक काळ तो चालला आहे. पिढ्या बदलल्या, भाडेकरू बदलले, उत्सव चुकला नाही. कारण त्याचा दिवस कार्यकर्त्यांच्या सोयीने ठरत नाही. तिथी ठरलेली असते आणि कार्यकर्ते आपली सोय तिच्याभोवती लावून घेतात. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचेही तसेच. १८७५ पासूनची ती परंपरा. नावातच ऋतू आहे.

आता मुद्द्याचे बोलू. आपल्या गावकरी मंडळाला एक पंचांग पुरत नाही, तीन लागतात. या मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठीतले पहिले पंचांग छापले आणि १९७३ पासून जयंतराव साळगावकरांच्या 'कालनिर्णय'ने ते घरोघरच्या भिंतीवर टांगले. त्या भिंतीवरच्या कागदात ही तिन्ही पंचांगे आहेत. आपण ती वेगवेगळी वाचत नाही, एवढेच.

पहिले तिथीचे. सण त्यावर चालतात आणि तिथी चंद्राची असल्यामुळे ती इंग्रजी महिन्यात पुढेमागे सरकते. गणेश चतुर्थी पाहा. २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा १४ सप्टेंबरला. म्हणजे जवळजवळ महिन्याचा हेलकावा.

दुसरे नक्षत्राचे. शेतकरी ज्याला मृग म्हणतो तो सूर्याच्या नक्षत्राचा आहे, म्हणून तो सरकत नाही. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. अधिक मास येवो न येवो, मृग तिथेच. आपल्या आज्याने पेरणी तिथीवर न बांधता नक्षत्रावर बांधली, यात त्याचे मोठे शहाणपण होते.

तिसरे सरकारचे. ते इंग्रजी तारखेवर चालते. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. नोंदणीकृत न्यास असेल तर हिशेबाची तपासणी पुढच्या सहा महिन्यांत व्हावी लागते. पीकविम्याची मुदतही तारखेवरच संपते आणि ती दरवर्षी अधिसूचनेत पाहून घ्यावी लागते.

आपले मंडळ फक्त पहिल्या पंचांगावर चालते. गावचे पोट दुसऱ्यावर चालते. गावचा पैसा तिसऱ्यावर अडतो. या तिघांची गाठ घालणे, याला मी वार्षिक नियोजन म्हणतो.

ती गाठ घालायची कशी, ते महिन्यावार सांगतो.

डिसेंबर-जानेवारीत भात घरात आलेले असते, गवत वाळलेले असते आणि पुढचे मोठे संकट असते वणव्याचे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत एका ठिणगीत आंबा-काजूची दहा-पंधरा वर्षांची कलमे जळतात. माझ्या ओळखीच्या एका घरची काजूची बाग अशी होळीच्या आधी जळाली. मुलगा मुंबईत, घरात म्हातारी दोघे, बागेत गुडघाभर गवत. मंडळाने मे महिन्यात येऊन त्यांना मदतीचे पाकीट दिले, सत्कारासारखे. त्याच पैशात डिसेंबरमध्ये मजूर लावून जाळरेषा काढली असती, बागेभोवतीचा पट्टा साफ केला असता, तर ते पाकीट देण्याची पाळी आली नसती. तेव्हा क्रिकेटचे सामने जरूर भरवा, पण त्याच सुटीतला एक दिवस जाळरेषेचा ठेवा.

शिमग्याला तुम्ही सगळे गावी असता. त्या वेळी काजू-बी निघत असते आणि जो तो दोन-चार किलो घेऊन नाक्यावरच्या व्यापाऱ्याकडे जातो. पालखी नाचवून झाल्यावर एक बैठक घ्या: बी एकत्र वाळवायची, एकत्र मोजायची आणि दोन-तीन ठिकाणचे भाव विचारूनच विकायची. भावाची चौकशी मुंबईत बसलेला माणूस फोनवर करू शकतो. या कामाला मांडव लागत नाही.

मे महिन्याच्या पूजेला गाव भरलेले असते. पूजेच्या सकाळी प्रत्येक घराने आपल्या भाताच्या बियातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. आठवडाभरात उगवलेले मोजावेत. ८० उगवले तर बी चांगले, फार कमी उगवले तर बदलायला अजून वेळ आहे. मिठाच्या पाण्याचे प्रात्यक्षिकही तेव्हाच करावे: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेले पोकळ दाणे काढून टाकायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. हे रोहिणीच्या आधी. माझे २० जूनचे शिबिर खरे म्हणजे इथे हवे होते. मातीचे नमुनेही याच दिवसांत, शेत मोकळे असताना घ्यावेत.

आता लावणी. हल्ली मुंबईची पोरे हौसेने लावणीला येतात. येऊ देत, पण खरे सांगतो, नवशिक्याने लावलेली रोपे दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगतात. त्यांनी मुठी वाहाव्यात, बांध घालावेत, बायकांच्या हातचा स्वयंपाक आणि पाणी भरणे दोन दिवस आपल्याकडे घ्यावे. लावणीतली सर्वांत मोठी मदत तीच आहे. रोपे एकवीस-पंचवीस दिवसांची झाली की लावणी धरावी लागते, म्हणून जुलैचा पहिला पंधरवडा मोकळा ठेवा. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. म्हणजे लावणीची तिकिटे मे महिन्यात काढायची. हेही नियोजनात लिहा.

गणपतीत आरत्यांमधून एक सकाळ काढा आणि शिवारफेरी करा. भात पोटरीत किंवा लोंबीवर असते, कुठले शेत एकसारखे आहे ते डोळ्यांनी दिसते. त्यातले पुढच्या बियासाठी राखायचे, भेसळीची रोपे उपटायची. गणपती ऑगस्टमध्ये आला तर लोंब्या पुरत्या बाहेर आलेल्या नसतात, सप्टेंबरात आला तर हळवे भात कापणीला येत असते. तिथी सरकते ती अशी. म्हणून फेरीत काय पाहायचे, ते दरवर्षी दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून ठरवा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मंडळाचा एक माणूस गेलाच पाहिजे. पाणंद, बंधारा, गोदाम यांची मागणी तिथे लेखी नोंदवली नाही तर वर्षभर कुरकुर करण्याचा आपल्याला हक्क नाही.

आणि एक दिवस कायमचा: १२ डिसेंबर. इथून हाकेच्या अंतरावर काळबादेवीला १९३० साली त्या दिवशी परदेशी कापडाच्या मोटारीपुढे बाबू गेनू आडवा पडला आणि चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा शेतकऱ्याचा पोर, मुंबईत गिरणी कामगार. म्हणजे तुमच्यासारखाच एक चाकरमानी. त्या दिवशी हार घाला आणि त्याच दिवशी जाळरेषेच्या कामाची नावे नोंदवा.

हे सगळे बारा महिने बारा कार्यक्रम करून साधणार नाही. सहाच करा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: जबाबदार माणूस कोण, पैसा किती आणि या कार्यक्रमातून कोणता निर्णय होणार. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो समारंभ आहे असे समजा. समारंभही हवेत, माणसे त्यानेच जुळतात. पण सगळी पाने समारंभाची नकोत. आणि तयारी उलटी मोजा. मेअखेर बी घरात हवे, तर यादी एप्रिलमध्ये, वर्गणी मार्चमध्ये, बोलणे शिमग्याला.

कोणी म्हणेल, आम्ही मुंबईत, शेतीशी आमचा संबंध काय उरला? १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या, तेव्हा किती घरे गावच्या भातावर जगली ते तुमच्या वडिलांना विचारा. त्या वेळी शेत कसलेले होते. आज त्याच शेतात रान माजले आहे. पुन्हा पाळी आली तर गावी जाऊन काय खाणार?

तेव्हा मंडळाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि मेमध्येही नाही. पीक घरात आले, काय मिळाले आणि काय चुकले ते कळले, की सुरू होते. म्हणजे आत्ता, याच महिन्यात. छापायला द्यायचा कागद आज परत घरी न्या. गावी फोन करा. घरात शेती जी बाई करते तिला विचारा, "काकी, तुला आमची गरज कुठल्या दिवशी असते?" ती जे दिवस सांगेल ते आधी लिहा. उरलेल्या जागेत आपले कार्यक्रम बसवा.

पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. भाषण मी करणार नाही, कागद वाचू.